दिवसाच्या पाहुण्याला दिवसाचा पाहुणा माना: तलावकाठच्या डे-यूज उद्यानांच्या व्यवस्थापकांस खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील जलाशय व सरोवरांकाठच्या सार्वजनिक डे-यूज उद्यानांचे नियोजक आणि व्यवस्थापक

विषय: आरव्हीतून येणाऱ्या दिवसभराच्या पाहुण्यांच्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

सन्माननीय महोदय आणि महोदया,



अमेरिकेतील जलाशयांचे काठ सर्वसामान्य माणसाला खुले झाले, ते आपसूक नव्हे. पूरनियंत्रण, जलविद्युत, नौकानयन आणि पाणीपुरवठा अशा हेतूंनी बांधलेल्या धरणांच्या परिसरात लोकांसाठी उद्याने आणि करमणुकीच्या सोयी उभारण्याचा व चालवण्याचा अधिकार 1944 च्या पूरनियंत्रण कायद्याने लष्कराच्या अभियंता दलाला, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या यंत्रणेला दिला. आज हे दल 43 राज्यांत 400 हून अधिक तलाव सांभाळते, आणि त्याच्या जोडीला ब्यूरो ऑफ रेक्लमेशन, टेनेसी व्हॅली अथॉरिटी, राज्यांची उद्यान खाती आणि कित्येक काउंटी हेच काम आपापल्या हद्दीत करतात. या काठांवरील ज्या उद्यानांचे फाटक सकाळी उघडते आणि बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास बंद होते, जिथे पोहण्याचा किनारा, झाडांखालची टेबले, कोळशाच्या शेगड्या, स्वच्छतागृहे आणि होड्या पाण्यात उतरवण्याचे उतार असतात, पण रात्रीचा मुक्काम करता येत नाही, त्यांना डे-यूज उद्याने म्हणतात. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आणि जनतेसाठी राखलेल्या या जागा नीटनेटक्या ठेवण्याचे श्रेय आपले आहे, याची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहिले जात आहे.

पत्राचा विषय मात्र या व्यवस्थेत राहून गेलेली एक उणीव हा आहे. आरव्ही, म्हणजे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असते असे प्रवासी वाहन, ढोबळमानाने दोन प्रकारचे असते: मोटारीला वा पिकअप ट्रकला जोडून ओढायचा ट्रेलर आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारे मोटरहोम. ट्रेलर घेऊन हिंडणारे कुटुंब तो कॅम्पग्राउंडवर सोडून मोकळ्या मोटारीने तलावावर येऊ शकते, आणि वर्षानुवर्षे मोटरहोममधून फिरणारे कित्येक जण मागे एक छोटी मोटार जोडूनच निघतात; पण ज्यांनी आठवड्याभरासाठी मोटरहोम भाड्याने घेतले आहे, त्यांच्यापाशी दुसरे वाहन नसते आणि तलाव पाहायचा तर सगळे घरच तलावापर्यंत न्यावे लागते. उद्यानांची आखणी मोटारीने येणाऱ्या सहलकऱ्यांसाठी झाली आणि कॅम्पग्राउंडची आखणी मुक्कामाला येणाऱ्यांसाठी झाली. जो प्रवासी मोटरहोमने येतो पण मुक्काम करू इच्छित नाही, त्याचा विचार या दोन्ही आखण्यांच्या फटीत हरवला, आणि पुढील सर्व तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

असा प्रवासी दिवसाच्या उद्यानाकडे का वळतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. बहुतेक कॅम्पग्राउंडवर सकाळी उशिरा किंवा दुपारी बाराच्या सुमारास जागा सोडावी लागते आणि पुढच्या ठिकाणची जागा दुपारी दोन-तीनच्या पुढेच हाती येते; मधल्या तासांत लहान मुले, म्हातारी माणसे आणि थकलेला चालक यांना सावली, पाणी आणि पाय मोकळे करण्याइतकी जागा हवी असते. पेट्रोल पंप किंवा मोठ्या दुकानाचे तापलेले आवार यांपेक्षा तलावकाठ या गरजेला कितीतरी योग्य आहे. म्हणजे आरव्ही प्रवासी डे-यूज उद्यानात येतो तो नियमातून पळवाट शोधण्यासाठी नव्हे, तर प्रवासाच्या स्वाभाविक क्रमातच तो तिथे पोहोचतो.

हे पत्र मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. शिकागो, अटलांटा, डॅलस, बे एरिया अशा महानगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात महाराष्ट्रातून आई-वडील किंवा सासू-सासरे येतात, आणि त्यांना सोबत घेऊन लांबचा प्रवास करायचा तर ज्यांच्या गुडघ्यांना त्रास होतो, ज्यांना वारंवार स्वच्छतागृह लागते, ज्यांचे पथ्यपाणी आणि औषधांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यांच्यासाठी आरव्ही ही चैनीपेक्षा सोय अधिक ठरते. या कुटुंबांतील चालक बहुधा पहिल्यांदाच एवढे मोठे वाहन चालवत असतो. तेव्हा येथे आपल्यासाठी जशा मागण्या आहेत, तशीच या वाचकांसाठी कर्तव्येही पत्राच्या उत्तरार्धात येणार आहेत.

पहिली तक्रार माहितीची आहे. रेक्रिएशन डॉट गव्ह या संघीय आरक्षण व्यवस्थेत कॅम्पग्राउंडच्या जागेपुढे त्या जागेत किती फूट लांबीचे वाहन बसेल याची नोंद दिलेली असते. त्याच तलावावरील दिवसाच्या उद्यानाच्या माहितीत मात्र टेबले किती, किनारा केवढा, कुत्र्यांना परवानगी आहे की नाही, हे सगळे असते आणि वाहनाच्या लांबी-उंचीचा उल्लेख अनेकदा नसतो. परिणामी चालकाला ‘मोठ्या वाहनांना पुढे वळण्यास जागा नाही’ हा फलक दिसतो तो मुख्य रस्ता सोडून अरुंद उतारावर आल्यानंतर, जेव्हा मागे मोटारींची रांग लागलेली असते, पुढे शुल्काची चौकी असते आणि वाहन मागे घेणे कुणाच्याच हिताचे नसते. विनंती अशी की प्रत्येक उद्यानाच्या माहितीत तीन आकडे द्यावेत: आत येऊ शकणाऱ्या वाहनाची कमाल लांबी, फांद्या किंवा कमानींखालून जाण्यासाठी मिळणारी उंची आणि वळण्यासाठी उपलब्ध असलेली जागा, आणि हेच तीन आकडे मुख्य रस्त्यावरून आत वळण्यापूर्वीच्या फलकावर रंगवावेत. जिथे मोटरहोमला खरोखरच जागा नाही, तिथे तसे स्पष्ट सांगावे आणि त्याच तलावावरील जागा असलेल्या उद्यानाचे नाव खाली लिहावे. वेळेवर मिळालेल्या नकाराने कुणाचे मन दुखत नाही. अडचणीत सापडल्यावर मिळालेल्या नकाराने दुखते.

दुसरी तक्रार वाहन उभे करण्याच्या जागेची आहे. मोटारीसाठी आखलेला चौकोन साधारणतः 9 फूट रुंद आणि 18 फूट लांब असतो, तर अमेरिकेतील रस्ते-अभियंते ज्या प्रमाणित वाहनांवरून वळणांची आखणी करतात, त्यांतील मोटरहोम 30 फूट लांब धरलेले असते आणि त्याला वळण्यासाठी सुमारे 40 फूट त्रिज्या लागते. अर्थात अशा वाहनाचा विचार अभियांत्रिकीला नवा नाही. रस्त्याच्या आराखड्यात तो होतो आणि उद्यानाच्या आवारात शिरताच संपतो. अडचण केवळ लांबीची नसते. मागच्या चाकांच्या पलीकडे आठ-दहा फूट मागे आलेला वाहनाचा भाग चालक डावीकडे वळताच उजवीकडे फिरतो, आणि शेजारच्या मोटारीचा आरसा, दिव्याचा खांब किंवा सहलीच्या टेबलाचा कोपरा त्याच्या टप्प्यात येतो. म्हणून जाणते चालक घरातल्या एकाला खाली उतरवून मागे उभे करतात आणि इशाऱ्यावर, वीतवीत अंतराने वाहन हलवतात. जिथे मुले ओल्या पायांनी किनाऱ्याकडून मोटारीकडे धावत असतात, तिथे असे मागेपुढे करणे धोक्याचे आहे, आणि हा धोका चालकाच्या अडाणीपणापेक्षा आवाराच्या आखणीतून अधिक निर्माण होतो.

या बाबतीत उपाय बहुतेक ठिकाणी आधीपासून जागेवरच असतो. होडी पाण्यात उतरवण्याच्या उताराजवळ, म्हणजे बोट रॅम्पपाशी, मोटार आणि तिच्यामागचा होडीचा ट्रेलर एका सरळ रेषेत उभे राहावेत म्हणून लांब पट्टे आखलेले असतात, त्यांत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते आणि मागे घ्यावे लागत नाही. तिथे ‘फक्त ट्रेलरसह वाहने’ असा फलक असल्याने एकट्या मोटरहोमला मज्जाव होतो आणि साध्या चौकोनात ते मावत नाही, त्यामुळे त्याला कायदेशीरपणे उभे राहण्यास आवारात कुठेच जागा उरत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंतच्या हंगामात शनिवार-रविवारी हे पट्टे होडीवाल्यांनी भरून जातात आणि त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, हे मान्यच करावे लागेल; परंतु कामाच्या दिवशी त्यांतील टोकाचे काही पट्टे मोटरहोमसाठी मोकळे करावेत, आणि जिथे डांबरीकरण नव्याने व्हायचे आहे तिथे निदान दोन-चार लांब पट्टे आराखड्यातच धरावेत, ही विनंती अवाजवी नाही. पहिल्या उपायाला रंगाचा डबा आणि बदललेला फलक पुरतो.

तिसरी तक्रार संशयाची आहे, आणि ती सर्वांत नाजूक आहे. मोटरहोम आत आले की ते रात्री इथेच राहणार, असे गृहीत धरून त्याच्याशी वागण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते: दार उघडून छत्रीसारखे कापडी छप्पर बाहेर काढले, आत चहा ठेवला किंवा आजोबा दुपारी दोन घटका आडवे झाले, की कॅम्पिंग केल्याबद्दल समज दिली जाते. रात्रीच्या मुक्कामावरची बंदी योग्यच आहे. तिच्याशिवाय दिवसाची उद्याने फुकटच्या वसाहती होतील आणि सकाळी येणाऱ्या कुटुंबाला काठ रिकामा मिळणार नाही. पण मुक्काम म्हणजे काय, याचे उत्तर नियमांत आधीच दिलेले आहे. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नियमांतील कॅम्पिंगच्या व्याख्येत तंबू ठोकणे आणि अंथरूण पसरणे यांच्या बरोबरीने मोटरहोम उभे करणेही येते, मात्र ते रात्रीच्या वास्तव्याच्या उघड हेतूने असले पाहिजे, अशी अट त्या व्याख्येतच आहे. याचा अर्थ कायद्याची नजर वाहनाच्या आकाराकडे नसून माणसाच्या वर्तनाकडे आणि हेतूकडे आहे, आणि हेच तत्त्व इतर यंत्रणांच्या तलावांवरही लागू करण्यात कोणतीच अडचण दिसत नाही.

म्हणून विनंती अशी की दिवसाच्या उद्यानात काय चालते आणि काय चालत नाही, हे वाहनाचे नाव न घेता वर्तनाच्या भाषेत लिहावे. फाटक बंद होण्याआधी बाहेर पडणे सक्तीचे असावे. जनरेटर, म्हणजे वाहनातील वीज निर्माण करणारे इंजिन, टेबलांजवळ आणि किनाऱ्याजवळ चालवण्यास मनाई असावी, कारण त्याच्या आवाजाइतकाच त्याच्या धुरातील रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू धोक्याचा आहे. वाहनाच्या भिंतीतून बाहेर सरकणारी खोली आणि कापडी छप्पर आखलेल्या पट्ट्याबाहेर येऊ देऊ नये. एवढे नियम पाळणाऱ्या पाहुण्याने आपल्या वाहनात बसून जेवण केले काय किंवा विश्रांती घेतली काय, मोटारीतील आसनाची पाठ मागे झुकवून डुलकी काढणाऱ्या सहलकऱ्यापेक्षा त्याने उद्यानावर अधिक भार टाकलेला नसतो.

चौथी तक्रार पाण्याची आहे, आणि तिच्यात उद्यानाचे व तलावाचे हित सर्वाधिक गुंतलेले आहे. आरव्हीत बहुधा तीन टाक्या असतात: वापरायच्या स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैलापाण्याची. शेवटच्या दोन टाक्या रिकाम्या करण्यासाठी डम्प स्टेशन नावाची जागा असते, जिथे तीन इंची नळी जमिनीतील झाकणाच्या तोंडाला घट्ट बसवून आधी मैलापाणी आणि त्यानंतर सांडपाणी सोडतात, म्हणजे मागून येणारे साबणाचे पाणी नळी धुऊन नेते. ही सोय बऱ्याचदा कॅम्पग्राउंडच्या आवारात असते आणि तिथे मुक्काम न करणाऱ्याला ती पैसे देऊनही मिळत नाही. ज्याची टाकी भरत आली आहे अशा प्रवाशाला तलावापासून शंभर पावलांवर असलेले हे झाकण नाकारून मैलभर दूर धाडणे, हे तलावाच्या रक्षणाचे धोरण असू शकत नाही.

तलाव किती नाजूक असतो, याची उदाहरणे आपल्याच नोंदींत आहेत. जॉर्जियातील चॅटाहूची नदीवर 1950 च्या दशकात ब्यूफर्ड धरण बांधून तयार झालेल्या लेक लॅनियरच्या काठावर सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागते, आणि त्याच जलाशयाचे पाणी अटलांटा परिसरातील घरांत पिण्यासाठी जाते. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील, 501 मीटर खोलीच्या लेक टाहोची स्वच्छता 1968 पासून पांढरी तबकडी पाण्यात सोडून, ती किती खोलवर दिसते यावरून मोजली जाते. त्या तलावाचे पाणी गढूळ होऊ नये म्हणून वस्त्यांचे सांडपाणी शुद्ध केल्यावरही खोऱ्यात न सोडता डोंगरापलीकडे वाहून नेण्याची व्यवस्था उभारली गेली. जिथे अख्ख्या गावांचे सांडपाणी बाहेर नेण्याचा खर्च समाजाने आनंदाने पत्करला, तिथे प्रवाशाच्या टाकीसाठी वाजवी शुल्क घेऊन एक झाकण उघडून देणे अवघड ठरू नये. जिथे डम्प स्टेशन नाही, तिथे जवळच्या अशा जागेचा पत्ता स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लावावा, आणि नळावर पाणी पिण्यायोग्य आहे की नाही व टाकी भरण्यास ते घेता येईल की नाही, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

पाचवी तक्रार वृद्ध आणि अपंग पाहुण्यांची आहे. संघीय खर्चाने उभारलेल्या सुविधा अपंगांना वापरता आल्या पाहिजेत, हे तत्त्व 1968 च्या कायद्याने घालून दिले आणि 2013 मध्ये संघीय जमिनींवरील पायवाटा, सहलीच्या जागा व किनाऱ्याकडे जाणारे मार्ग यांच्यासाठी मापदंडही ठरले. तरीही मोठ्या वाहनांना जिथे उभे राहू दिले जाते, ती जागा पुष्कळदा आवाराच्या दूरच्या टोकाला, खडीवर आणि उन्हात असते, त्यामुळे ज्यांच्यासाठी आरव्ही घेतली तीच माणसे किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि खिडकीतून पाणी पाहून परततात. निदान एक लांब पट्टा सपाट, पक्क्या वाटेने किनाऱ्याशी आणि स्वच्छतागृहाशी जोडलेला असावा. आणि ते शक्य नसेल तिथे माणसांना व सामानाला किनाऱ्याजवळ उतरवून वाहन पुढे नेता येईल, अशी दहा मिनिटांच्या थांब्याची जागा आखावी.

या मागण्या करताना आपल्या अडचणी दृष्टीआड करून चालणार नाही. मनुष्यबळ अपुरे असते, गवत कापण्यापासून बुडणाऱ्याला वाचवण्यापर्यंतची कामे त्याच मोजक्या हातांवर पडतात, आणि एका बेफिकीर आरव्हीवाल्याने फोडलेला नळ किंवा जमिनीवर सोडलेले सांडपाणी पुढच्या शंभरांविषयीचे मत कलुषित करते. म्हणून आरव्हीने प्रवास करणाऱ्या, विशेषतः प्रथमच प्रवास करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही आपला वाटा उचलायला हवा. निघण्यापूर्वी वाहनाची खरी लांबी आणि छतावरील वातानुकूलन यंत्रासह उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी; शंका असल्यास उद्यानाच्या कार्यालयात दूरध्वनी करावा; सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचावे; दोन मोटारींच्या जागा अडवून वाहन आडवे लावू नये; पोळीभाजीच्या डब्यांचे पाणीसुद्धा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये; आणि सोबत हवा भरायची होडी किंवा कयाक असेल तर एका तलावातून दुसऱ्या तलावात नेण्यापूर्वी ती धुऊन, निथळून, कोरडी करावी. 2007 मध्ये नेवाडा-ॲरिझोना सीमेवरील लेक मीडमध्ये क्वागा नावाचे परके शिंपले सापडले, आणि तेव्हापासून पश्चिमेकडील अनेक तलावांवर होड्यांची तपासणी सुरू झाली. अशा जिवांच्या प्रसाराला पाहुण्यांचा निष्काळजीपणा हेच मोठे वाहन ठरते.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये अशी स्पष्ट झाली, तर मागण्यांचा क्रमही लावता येतो. लांबी-उंचीचे आकडे प्रसिद्ध करणे, फलक वळणाआधी लावणे, नियम वर्तनाच्या भाषेत लिहिणे आणि कामाच्या दिवशी लांब पट्टे खुले करणे ही चार कामे येत्या हंगामापूर्वी, नव्या बांधकामाविना होऊ शकतात. डम्प स्टेशन सशुल्क खुले करण्यास शुल्काचा दर आणि देखरेखीची वेळ तेवढी ठरवावी लागेल. पक्की वाट आणि नवे पट्टे यांना निधी लागेल आणि ते टप्प्याटप्प्यानेच होतील, याची समज प्रवाशांनी ठेवली पाहिजे. प्रत्येक तलावाच्या आराखड्याचा जेव्हा फेरविचार होतो आणि जनतेकडून सूचना मागवल्या जातात, तेव्हा आरव्हीने येणाऱ्या दिवसाच्या पाहुण्यांचा एक स्वतंत्र परिच्छेद त्यात असावा, आणि मराठी मंडळांसारख्या संस्थांनी आपल्या सभासदांच्या सूचना एकत्र करून तिथे वेळेत पाठवाव्यात.

वरील पाच मुद्द्यांचा आपल्या अखत्यारीतील उद्यानांपुरता विचार व्हावा, जे शक्य आहे ते या हंगामात अमलात यावे आणि जे शक्य नाही त्याचे कारण फाटकाजवळच्या फलकावर लोकांना कळवावे, ही आग्रहाची विनंती आहे.

कळावे,

आपले विश्वासू,
तलावकाठी दिवसापुरते थांबणाऱ्या मराठी आरव्ही प्रवाशांच्या वतीने